घेर

दिवाळीच्या पाडव्याला फराळ आटोपला की आमचे वडील, अण्णा, शिंप्याची टेप गळ्यात अडकवून वरकशीकडे, म्हणजे डोंगरउतारावरच्या जमिनीकडे, निघायचे. मागून आम्हा भावंडांपैकी कुणीतरी, हातात वही. पाऊस नुकता सरलेला असायचा, गवत कमरेएवढं, लेंग्याला कुसळं चिकटायची. प्रत्येक सागाच्या खोडावर जमिनीपासून साडेचार फुटांवर, छातीच्या उंचीला, तांबड्या ऑइलपेंटचा पट्टा आणि पट्ट्याखाली नंबर. अण्णा पट्ट्यावरून टेप फिरवायचे, चष्मा कपाळावर सारून आकडा वाचायचे आणि शाळेत हजेरी घेतल्यासारखे ओरडायचे, "सत्तावन्न! साडेअकरा!" आपण लिहायचं. पाव इंचाच्या खालचं मोजायचं नाही, हा नियम. तेवढा फरक टेप ओढण्यात पडतो म्हणे.

वही सुरू होते १९९६ पासून. झाडं लावली १९९३ च्या आगोटीला, पावसाच्या तोंडावर, पण पहिली तीन वर्षं बऱ्याच जणांना छातीच नव्हती, मोजणार काय?

ते दिवस सागाच्या जाहिरातींचे होते. आज ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना आठवत असतील. पेपर उघडावा तर अर्ध्या पानावर सागाचं झाड. काही हजार भरा, तुमच्या नावाने कंपनी झाड लावील, जोपासेल, आणि वीस वर्षांनी हातात लाखभर रुपये. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, सगळं त्या झाडाला टांगलेलं. आमच्या थोरल्या काकांनी गिरगावातून पाच हजार भरले. त्याचं प्रमाणपत्र आलं, जाड कागदाचं, कडेला हिरवी वेलबुट्टी. काकांनी ते लॅमिनेट करून घेतलं. पुढे कंपनीचं ऑफिस हललं, मग पत्रं परत यायला लागली, मग काकांनी विषय काढणं सोडलं. अशा कंपन्या तेव्हा पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवल्या होत्या. सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले ते १९९९ साली, तोवर बहुतेक अळंब्या जिरून गेल्या होत्या. काकांचं प्रमाणपत्र अजून ट्रंकेत आहे. लॅमिनेशनमुळे अगदी टवटवीत.

अण्णा प्राथमिक शिक्षक. त्यांचं म्हणणं साधं होतं, "जमीन माझी, पाऊस फुकट, मग मधे कंपनी कशाला?" मी तेव्हा नुकता बँकेत लागलो होतो आणि नव्याने बाटलेल्याच्या उत्साहाने त्यांना पीपीएफ समजावत होतो. तेव्हा पीपीएफला १२ टक्के होते. किसान विकास पत्र पाच-साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचं. अण्णांनी ऐकून घेतलं, थोडे पैसे विकास पत्रात टाकलेसुद्धा, आणि उरलेले सहा हजार खर्चून चारशे सागजड्या लावल्या. गडी, गडग्याची डागडुजी, जड्यांची किंमत, सगळं मिळून सहा हजार. वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब आहे.

सागजडी म्हणजे रोप नव्हे. वर्षभराच्या रोपाचा वरचा शेंडा आणि खालची मुळं छाटून टाकलेली, वीतभर, अंगठ्याएवढी जाड काडी. दिसायला वाळक्या गाजरासारखी. गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून आली. पहारीने भोक पाडायचं, जडी आत सोडायची, टाचेने माती दाबायची, झालं. साडेसहा फुटांवर एक अशा ओळी. बघणाऱ्याला वाटावं, हा मास्तर वेडा झाला, काड्या पेरतोय. पंधरा दिवसांत काडीला दोन पानं फुटली आणि श्रावणापर्यंत ती पानं सुपाएवढी झाली. माझ्या बहिणीची मुलं सुटीत आली की सागाचं कोवळं पान तळहातात चुरडून हात तांबडेलाल करायची आणि "रक्त! रक्त!" करत आजीला घाबरवायची.

जागा सतरा गुंठे. दापोली तालुक्यात, खाडीपासून चार मैल आत, डोंगराच्या कुशीला. खालचा भाग पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेचा, खोल मातीचा. वरचा तिसरा हिस्सा जांभ्याचा कातळ, वर वीतभर माती. लावताना अण्णांनी दोन्हीकडे सारखीच काळजी घेतली, पण झाडांनी अण्णांचं न ऐकता मातीचं ऐकलं. सागाला खोल, पाणी निचरून जाणारी जमीन लागते. वरच्या झाडांचं मूळ कातळाला टेकलं आणि ती तिथेच थांबली. अजूनही त्यातली काही माझ्या मांडीएवढीसुद्धा नाहीत. बाकीची एक तर वाळवीने गेली, नाही तर एका फाल्गुनात डोंगरावरून आलेल्या वणव्यात. तो वणवा कुणी लावला हे वाडीत सर्वांना ठाऊक होतं आणि कुणीही बोललं नाही, हेही रीतीला धरूनच.

एक गोष्ट तेव्हा कुणालाच खटकली नाही. साग लावण्यासाठी त्या उतारावरचे ऐन आणि किंजळ अण्णांनी खणून काढले. मोठे वृक्ष नव्हते ते. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, वर्षानुवर्षं कवळ, कोवळ्या डहाळ्या, तोडतोडून खुज्या झालेल्या, गाठीगाठींच्या खोडांची झाडं. भातशेती होती तोवर भाजावळीला त्यांचा टाळ लागायचा. शेती सुटली तसे ते बिनकामाचे ठरले. शेजारच्या तात्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, आपसूक येतंय ते काढून इकतचं लावताय होय?" अण्णांनी त्यांना घनफुटाचा भाव सांगितला. तात्यांना दुसरी भीती होती. साग लावून जंगल केलंत तर सरकार घेईल, असं ते म्हणायचे. ते अगदीच हवेतलं नव्हतं. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ ला कितीतरी खासगी राने एका दिवसात सरकारच्या नावावर गेली होती. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतंच, जे हिरवं दिसतं ते बहुतेक लोकांच्या सात-बारावरचं. त्यामुळे इथल्या माणसाला झाड मोठं होऊ देण्याची एक जुनी धास्ती आहे. दहा-बारा वर्षं झाली की ठेकेदार बोलवायचा, रान उक्तं विकायचं, मोकळं व्हायचं. अण्णा त्या रीतीविरुद्ध गेले, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता त्यांच्या चुकीबद्दल.

२००३ च्या सुमारास दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्र शिकणारा एक लांबचा भाचा लग्नानिमित्त घरी आला होता. त्याला अण्णांनी हौसेने साग दाखवायला नेलं. तो ओळींमधून फिरला, वर बघितलं आणि म्हणाला, "मामा, विरळणी कधी करणार? एक आड एक काढायला पाहिजे. शेंडे एकमेकांत गेलेत." अण्णांना वाटलं पोरगा थट्टा करतोय. दहा वर्षं जोपासलेली झाडं, ज्यांचे नंबर पाठ, त्यातली निम्मी तोडायची आणि तीही वासे-बल्ल्यांच्या भावाने? त्यांनी त्याला चहा पाजला, लाडू दिले आणि विषय बदलला. मला नंतर म्हणाले, "शाळेत पट जास्त झाला म्हणून निम्म्या पोरांना घरी पाठवतात का?"

मीही हसलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

अण्णा २०१६ साली गेले. वही माझ्याकडे आली, आणि पाडव्याची फेरीही. टेप तीच, आता आकडे पुसट झालेली.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. केळशी, आंजर्लं, हर्णै या पट्ट्यात त्या दुपारी काय झालं ते मी पाहिलेलं नाही, मी ठाण्यात होतो, करोनाच्या बंदीत. फोन बंद, वीज नाही. ई-पास मिळवून गावी पोचलो तेव्हा बारा दिवस उलटले होते. पोफळी काडेपेटी सांडल्यासारख्या. घरावर फणसाची फांदी कोसळून आढं मोडलेलं, निम्मी कौलं परसात. दोन दिवस कौलं वेचण्यात गेले. तिसऱ्या दिवशी वरकशीत गेलो. दोनशे छत्तीस सागांपैकी अडतीस आडवे. सगळे खालच्या, चांगल्या मातीतले. उंच, सरळ, शेंड्याला मूठभर पानं, आणि एकमेकांच्या आधाराने उभे असलेले. पहिला कोसळला तसा पुढचा, असे ओळीने गेले होते. वरचे कातळावरचे ठेंगू जागच्या जागी.

पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या कागदावर नारळ, पोफळ, आंबा, काजू असे रकाने होते. सागाला रकाना नव्हता. "हे उत्पन्नाचं झाड धरत नाहीत," तो म्हणाला. सत्तावीस वर्षं आम्ही त्याला फक्त उत्पन्नाचं झाडच धरत आलो होतो.

लाकूडवाला आला. त्याने टेप काढली, प्रत्येक ओंडक्याच्या मध्यावर घेर घेतला. मोजायची रीत जुनी आहे: घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. बत्तीस इंच घेराचा पंधरा फुटी ओंडका म्हणजे आठ गुणिले आठ, चौसष्ट. भागिले एकशे चव्वेचाळीस, गुणिले पंधरा. पावणेसात घनफुटांना जरा कमी. खरं तर गोल ओंडक्यात लाकूड याहून जास्त असतं. या रीतीने शंभरातलं साधारण अठ्ठ्याहत्तरच मोजलं जातं, बाकीचं साल आणि फाळकटांचं म्हणून सोडून द्यायचं. पण मला बोचलं ते वेगळंच. हाच घेर अठ्ठेचाळीस इंच असता तर त्याच लांबीत पंधरा घनफूट भरले असते. घेर दीडपट, तर लाकूड सव्वादोनपट. शिवाय जाड लाकडाला घनफुटाचा भावही जास्त. म्हणजे चारशे बारीक झाडांपेक्षा दोनशे जाड झाडं केव्हाही भारी. बँकेत एवढी वर्षं चक्रवाढ शिकवणाऱ्या मला हे वादळानंतर, गुडघाभर चिखलात कळावं!

उरलेलं सुताराने सांगितलं. घराचं आढं आणि वासे करायला अकरा ओंडके आम्ही ठेवून घेतले होते. त्याने एकाचं तोंड करवतीने सफाईदार केलं, वर ओंजळभर पाणी मारलं, आणि सागाची वलयं ओल्या पाटीवरच्या रेघांसारखी उठून आली. मधून बाहेर मोजत गेलो. पहिली नऊ वलयं पेन्सिलीच्या जाडीची, ऐसपैस. दहाव्यापासून एकदम बारीक, पुढे वहीच्या पानांच्या कडा दिसाव्यात तशी दाटीवाटी. अगदी शेवटची मोजायला सुई घ्यावी लागली. मधला तपकिरी गाभा, बाहेर तीन बोटं पांढरं. सुतार म्हणाला, "हे मधलं तेवढं सागवान. भायेरचं पांढरं म्हणजे वाळवीचं जेवण."

घरी येऊन वही काढली. सगळं तिच्यात होतं. २००२ पर्यंत वर्षाला दोन इंचांहून जास्त घेर, त्यानंतर अर्धा, पाऊण इंच. अठरा वर्षं मी आणि अण्णा तो आकडा दर पाडव्याला लिहीत होतो. आम्ही बघत होतो तो घेर वाढला का एवढंच. किती वाढला, गेल्या वर्षीपेक्षा कमी का, हे कुणी पाहिलंच नाही. भाच्याने सांगितलेलं तर लाकडात कोरून ठेवलेलं होतं.

उरलेल्या सत्तावीस ओंडक्यांची विक्री हे एक वेगळंच प्रकरण. साग हा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतला वृक्ष. स्वतःच्या जमिनीतला, स्वतः लावलेला असला तरी तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड गाडीत घालून हलवायला पास लागतो. त्यासाठी सात-बारा, नकाशा, आणि सात-बारावर जितकी नावं तितक्या संमती. लावताना नावं तीन होती: अण्णा आणि दोघे काका. २०२० मध्ये चौदा. काकांची मुलं, सुना, आत्यांच्या हक्काची नोंद झाली ती, एक चुलत भाऊ बडोद्याला, एक अंधेरीला आणि आमच्याशी अबोला धरलेला, आणि एका मयताच्या वारसांची नोंदच झालेली नाही. झाडं चारशेची दोनशे झाली, मालक तिनाचे चौदा. एका वहिनींनी फोनवर विचारलं, "भावजी, माझ्या वाटचे किती येतील?" मी म्हटलं, दोन-अडीच हजार. त्या म्हणाल्या, "त्यासाठी मी स्टॅम्पपेपर आणायला जाऊ?" त्यांचं काही चुकलं नाही. कागद पुरे व्हायला पुढची दिवाळी आली. तोवर पांढऱ्या भागाला भोकं पडली होती, आणि वादळाने सगळीकडेच लाकूड पडलेलं, म्हणून भाव तीनशे रुपये घनफूट. शंभराच्या आसपास घनफूट भरलं. तीस हजार, चौदांत. त्याच महिन्यात तालुक्याच्या वखारीत चौकटीसाठी साग विचारला, तर आमच्या भावाच्या कितीतरी पट.

मी हिशेब मांडलाच, सवय जात नाही. अण्णांचे सहा हजार पीपीएफमध्ये असते तर २०२० पर्यंत व्याजदर उतरत गेले तरी साठ हजारांच्या घरात गेले असते. उभी झाडं वादळाच्या आदल्या वर्षी ठेकेदाराने तीन लाखांना मागितली होती. त्यातून सत्तावीस वर्षांची बेणणी, जाळरेषा, राखण वजा केली तरी कागदावर अण्णाच जिंकतात. फक्त पीपीएफ मोडायला चौदा सह्या लागत नाहीत.

हल्ली मला फोन येतात. महोगनी लावा, चंदन लावा, मिलिया डुबिया लावा, एकरी कोटी. बोलणारी मुलं गोड असतात. मी विचारतो, बाळा, चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांवर जगतं, सोबतीला काय लावायचं? तो म्हणतो, सर, आमचे एक्स्पर्ट व्हिजिटला येतील. केरळात निलांबूरला १८४० च्या दशकात लावलेल्या सागांचा एक तुकडा अजून राखून ठेवलेला आहे. सरकारी सागवनांची तोडही साठ-ऐंशी वर्षांचा हिशेब धरून होते. आणि वीस वर्षांत लखपती करणाऱ्यांची जात काही संपत नाही.

धाकट्या काकांच्या मुलाने यातून धडा घेऊन गडग्याच्या कडेने माणगा बांबू लावला. २०१७ साली कायद्यातून बांबू 'झाड' राहिला नाही, त्यामुळे त्याची तोड-वाहतूक सुटसुटीत झाली. दर वर्षी चार काठ्या कापतो, आंबेवाल्यांना विकतो, मोकळा. त्याचं बरोबर आहे. पण माणग्याची वही कुणी ठेवत नाही.

मला कुणी सल्ला विचारला तर मी जात सांगत नाही, अंतर सांगत नाही. आधी खातेफोड करा, सात-बारा वेगळे करून घ्या, म्हणतो. मग मोजणी करून हद्दीचे दगड घाला. मग खड्डे. लोकांना हे ऐकून निराशा होते. त्यांना झाडाचं नाव हवं असतं.

२०२४ च्या पाडव्याला मुलीला घेऊन गेलो होतो. वादळाने पाडलेल्या खिंडारात आता ऊन येतं. तिथे ऐन आलेत, किंजळ आलेत, कुणी न लावता, जमिनीत राहिलेल्या मुळांवरून असतील नाही तर बियांवरून, माझ्या डोक्याच्या वर गेलेत. त्यांना नंबर दिलेले नाहीत. २०२१ मध्ये तौक्ते वादळाने कडेचे आणखी दोन साग पाडले, पण बाकीचे तगले. सत्तावन्न नंबर खिंडाराच्या काठावर उभा आहे. त्याचे खालचे फुटवे फांद्या होऊ लागलेत, शेंडा रुंदावलाय. वादळाच्या वर्षी तो एकतीस होता.

मुलीने टेप फिरवली. "पस्तीस. आणि वर पाव."

चार वर्षांत सव्वाचार इंच. आधीच्या सात वर्षांत मिळून तेवढा वाढला नव्हता. विरळणी अण्णांनी नाही केली, मी नाही केली, ती शेवटी वाऱ्याने करून दिली, तीही आंधळेपणाने.

या वेळी चुन्याचा डबा बरोबर नेला होता. चाळीस झाडांवर फुल्या मारल्या: वाकडी, दबलेली, दुसऱ्याच्या सावलीत अडकलेली. परवानगीचा अर्ज तयार आहे. चौदांतल्या नऊ सह्या झाल्यात. अंधेरीचा भाऊ 'बघू' म्हणालाय, म्हणजे बोलला तरी.

अठ्ठावन्न नंबर सत्तावन्नला खेटून आहे, काठीसारखा सरळ आणि तसाच बारीक. त्याच्यावर फुली. मुलगी त्याला वगळून एकोणसाठकडे निघाली होती. मी टेप मागून घेतली आणि पट्ट्यावरून फिरवली.

"लिही. अठ्ठावन्न. एकवीस."